कन्नड डेक: ‘ए’ सुटला, ‘ओ’ अजून अडलाय

कन्नड शिकायला अँकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये केलेला कार्डांचा गठ्ठा, म्हणजे डेक, गेल्या नोंदीत ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’च्या जोड्यांवर रुतला होता. तिथून तो अर्धा बाहेर आलाय. ‘ए’च्या जोड्या आता कानाला वेगळ्या लागतात. ‘ओ’च्या जोड्या मात्र अजून छळतायत.

दुखणं तेच. मराठीत ए आणि ओ एकाच मापाचे. कन्नडात दोन्ही ऱ्हस्वही आहेत, दीर्घही, आणि मापावर अर्थ फिरतो. बॆळॆ म्हणजे पीक, बेळॆ म्हणजे डाळ. कॊडु म्हणजे दे, कोडु म्हणजे शिंग. तॊडु म्हणजे अंगात घाल, तोडु म्हणजे खण. आपल्या नेहमीच्या देवनागरीत यातलं प्रत्येक जोडपं एकसारखंच दिसतं. डोळ्याने दोन्ही सारखं वाचलं की कानही फरक शोधायचं सोडून देतो. मग रोज तीच कार्डं चुकतात, आणि कंटाळा भाषेचा आलाय असं वाटतं. तो खरं तर त्या कार्डांचा असतो.

युनिकोडमध्ये ऱ्हस्व ए-ओसाठी वेगळ्या मात्रा आहेत, इथे त्याच वापरल्यात. पण मोबाइलच्या छोट्या अक्षरात त्या ओळखायला भिंग लागेल. म्हणून जोड्यांची सगळी कार्डं थेट कन्नड लिपीत न्या. लिपीला घाबरणाऱ्यांसाठी सांगतो: कि-की, कॆ-के, कॊ-को या तिन्हींत दीर्घपणा दाखवायला अक्षराच्या उजवीकडे एकच शेपूट जोडतात. ते ओळखता आलं की माप डोळ्यांसमोर. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लटकतं, त्यामुळे इलि (उंदीर) आणि इल्लि (इथे) यांची गल्लतही थांबते. ‘ळ’ तर आपल्या घरचाच; बलॆ (जाळं) आणि बळॆ (बांगडी) यांच्यावर वेळ घालवू नका.

आता आवाज. अ‍ॅपमधला यंत्राचा आवाज वाक्यांना चालेल, जोड्यांना नको. त्यात दीर्घ स्वर इतका बेतशीर येतो की बाजारातलं बोलणं ऐकल्यावर काहीच जुळत नाही. माणसाचाच आवाज घ्या. फोन तोंडापासून वीतभर, पण थोडा बाजूला, नाहीतर ‘प-ब’ला फुंकर आदळते. शेजारी माग चालू असतील तर ते बंद होईपर्यंत थांबा. ती खडखड नंतर काढता येत नाही. शब्द उलटसुलट क्रमाने, प्रत्येक तीनदा म्हणवून घ्या आणि मधला ठेवा. तिसरा टाकायचा, कारण यादी संपताना माणूस शेवटचा स्वर आपोआप ओढतो. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये कापताना शब्दाच्या दोन्ही बाजूंना थोडी शांतता सोडा. फाइलला फक्त आकडा द्या, शब्द नको. नावातच उत्तर दिसलं तर परीक्षा कसली? अँकीच्या कार्डाच्या पुढच्या बाजूला निव्वळ आवाज, मागे कन्नड शब्द आणि अर्थ. रोज नवी सहाच. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे, आयफोनवाल्यांना पैसे मोजावे लागतात.

‘ए’ची गाठ सुटली ती अक्कलकोटकडच्या आवाजामुळे. त्या बोलीत बेळॆ म्हणताना ‘ब्याळि’ येतं, पेटॆचं (बाजार) ‘प्याटि’, बेड (नको) या शब्दाचं ‘ब्याड’. दीर्घ ए सरळ ‘या’कडे झुकतो आणि शेवटचा ऎ ‘इ’ होतो. म्हणजे नुसतं माप नाही, स्वरच बदलला! बंगळुरी रेकॉर्डिंगवर डोकं आपटत बसण्यापेक्षा जोडी थेट ‘बॆळि–ब्याळि’ अशी ऐका, मग हळूहळू पुस्तकी रूपाकडे या. आपल्याला बोलायचंय तेही याच माणसांशी. पुस्तक ‘ऎल्लिगॆ होगुत्तिद्दीरि’ (कुठे चाललात) शिकवतं, इथे कानावर पडतं ‘ऎल्लि हॊंटीरि’. ‘अलर’ या ऑनलाइन कोशात बोलीरूप हाती लागलं नाही, तर ‘या’चा ए आणि शेवटच्या ‘इ’चा ऎ करून पुन्हा शोधा.

‘ओ’ला ही पळवाट नाही. कॊडु–कोडुमध्ये फरक लांबीचाच. सुटा शब्द ऐकून भागत नसेल तर तो वाक्यात घालावा असं ठरत होतं, पण त्यात अर्थावरूनच उत्तर कळतं. त्याऐवजी हे लिहिताना सुचलेलं: तोच शब्द तीन वेगळ्या आवाजांत, एक बाईचा, एक पुरुषाचा, एक पोराचा. कान एका माणसाच्या गळ्याला सरावतो, मापाला नाही, अशी शंका आहे.

वाचनाचं मात्र मजेत चाललंय. सोलापूर एसटी स्टँडवर कर्नाटकच्या गाड्यांच्या पाट्या वाचा: इंडि, विजयपुर, कलबुरगि. गाव आधीच माहीत असल्याने अक्षरं स्वतःहून उलगडतात. शेवटचा इ ऱ्हस्व असतो तेवढं बघा, आपला हात तिथे दीर्घ लिहायला शिवशिवतो.

पुढचा बेत वर्तमानपत्राचा होता. तो रद्द करून सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची वचनं (छोटी भक्तिपर गद्यकाव्यं) घेतोय. बाराव्या शतकातली कन्नड आहे, अवघड जाईल. पण वचनं आखूड असतात आणि ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही अंकितमुद्रा (वचनकाराची सहीसारखी खूण) शेवटी येतेच, त्यामुळे निदान तो भाग न अडखळता वाचून होतो. मुद्रा आधी शोधायची, मग वचन शेवटाकडून वर वाचत जायचं. ‘ओ’साठी पोराचा आवाज कुणाकडे असेल तर कळवा, कॊडु, तॊडु आणि त्यांची दीर्घ भावंडं, एवढे चारच शब्द हवेत.