ठसका लागत नाही, म्हणून

"ताई, आता पाणी पिताना बाबांना ठसकासुद्धा लागत नाही!" घरचे हे आनंदानं सांगतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.

गिळायला त्रास होणाऱ्यांवर मी उपचार करते. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी पक्षाघात झालेले एक आजोबा आले होते. गिळणं तपासायला माझी चार बोटं त्यांच्या गळ्यावर होती. घोट घेतला, गळ्याची घाटी वर सरकली, आवाज स्वच्छ, ठसका नाही. मी 'तोंडाने पाणी चालेल' असं लिहून मोकळी झाले. दोन दिवसांत ताप चढला. मग एक्स-रेखाली तपासणी केली. बेरियम घातलेल्या पाण्याची बारीक काळी रेघ स्वरतंतूंच्या खाली, श्वासनलिकेत उतरत होती. आणि आजोबा शांतपणे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी नाही, खाकरणं नाही. सायलेंट ॲस्पिरेशन, म्हणजे ठसका न लागताच पाणी श्वासनलिकेत जाणं. तिथली जाणीवच गेलेली, मग शरीर ओरडणार कसं? तेव्हापासून नुसत्या बोटांवर आणि ठसक्यावर मी निकाल देत नाही.

घशातलं सगळं काम साधारण एका सेकंदाचं. तेवढ्यात श्वास थांबतो, स्वरयंत्र वर-पुढे सरकून मिटतं, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. पाणी पातळ, धावतं. मिटायला जरा उशीर झाला की ते आधीच आत. म्हणून आपण पावडर घालून ते घट्ट करतो.

पण हल्ली मी ती पावडर लगेच लिहून देत नाही. 2008 साली डिमेन्शिया किंवा पार्किन्सन असलेल्या 515 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हनुवटी खाली घेऊन साधं पाणी पिणारे आणि घट्ट पाणी पिणारे, यांच्यात तीन महिन्यांत न्यूमोनियाचा ठळक फरक दिसला नाही. घट्ट पाणीवाल्यांत शरीरातलं पाणी कमी झालेले मात्र जास्त निघाले. मला नवल वाटलं नाही. त्या आजोबांनीही ग्लास हातानं बाजूला सारला होता. "हे पाणी नाही," एवढंच बोलले होते.

पुन्हा एक्स-रेखाली बसवलं. हनुवटी छातीकडे, एक चमचा. काळी रेघ सरळ मागच्या वाटेनं, अन्ननलिकेत गेली. सगळ्यांना ही युक्ती लागू पडत नाही, त्यांना पडली. आजींना मी एकच काम नेमून दिलं: आधी दात, जीभ, कवळी स्वच्छ, मगच पाणी. घोटाबरोबर तोंडातले जंतू फुफ्फुसात गेले की घात होतो.

दुसऱ्या दिवशी आजींनी ब्रश धुऊन ठेवला आणि चमचा उचलला. आजोबांनी न सांगता हनुवटी खाली घेतली.