वावरातली बाटली

मागच्या उन्हाळ्यात वखरणी चालू होती अन् वखराच्या पासेला काहीतरी टण्णकन लागलं, उकरून पाहिलं तर गोटी सोड्याची जुनी बाटली, हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली पेटंट घेतलं त्याच तऱ्हेची. गळा फुटलेला, गोटी गायब. ती कोण्या पोरानं तेव्हाच काढून नेली असणार, गोटी मिळत असताना बाटली कोण सांभाळतं बापा.

घरी आणून धुतली. ओली होती तोवर साधीच हिरवट काच, पण आंगणात बाजेवर वाळली अन् एका बाजूनं मोराच्या मानेसारखी चमकायला लागली, निळी, जांभळी, मधूनच सोनेरी, हातात फिरवली की रंग पळायचे. मी मोबाईल आणायला आत गेलो तेवढ्यात आई म्हणाली, "तेल-बिल सांडलं असन त्याच्यावर, दे इकडं." राखुंडी अन् नारळाची शेंडी घेऊन अशी घासली की विचारू नका. रंग कांद्याच्या सालीसारखे सुटून तिच्या तळहाताला चिकटले, अन् खालून निघाली मळकट, देवीच्या वणासारखी खड्ड्याखड्ड्यांची काच.

नंतर वाचलं. काच म्हणजे वाळू, सोडा अन् चुना एकत्र वितळवलेला. आपल्या काळ्या मातीत ओल महिनोन् महिने टिकते, ती ओल काचेतला सोडा हळूहळू ओढून घेते अन् वर उरतात वाळूच्या अंशाचे पापुद्रे, एकावर एक, इतके बारीक की त्यांच्यावरून उजेड परतताना रंग फुटतात, पावसाळ्यात रोडवर डिझेल सांडल्यावर दिसतात तसे. पापुद्र्यांच्या मधात पाणी भरलं की रंग मरतात, म्हणून ओलेपणी काही दिसलं नाही. म्हणजे आईनं घासून काढलं ते बाटलीचंच कातडं होतं. तिला अजून सांगितलं नाही, कोण बोलणी खाईल.

उन्हाची तऱ्हा आणखी वेगळी. वाळूतल्या लोखंडानं काच हिरवट होते, तो हिरवेपणा जावा म्हणून जुन्या काळी काचेत मँगनीज टाकायचे, आपल्या तुमसरकडं डोंगरी बुजरुकच्या खाणीतून निघतं तेच, अन् अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी पडते. आमच्या बाटलीच्या नशिबात ऊन नव्हतं.

दोन-चार पापुद्रे मी चुन्याच्या रिकाम्या डबीत भरून ठेवले. परवा बाबांनी तंबाखू मळायला घेतला, डबी उघडली अन् ओरडले, "हे मासोईचे खवले कोनं भरून ठेवले इथं?"