मुळी कधी काढणार?

१९ जुलै

सकाळी पाऊस जरा थांबला म्हणून मागीलदारी गेले. पोफळीच्या सावलीतल्या सर्पगंधेची पाच-सहा फळं पिकलीत. वाटाण्याएवढी, जांभळट काळी, चकचकीत. शेजारी हिरवीही आहेत आणि टोकाला अजून फुलं. फुलं पांढरी, पण देठ कुंकवात बुडवून काढल्यासारखे लाल. पानं प्रत्येक पेराला तीन-तीन. झाड काय, माझ्या गुडघ्याच्या वरसुद्धा नाही.

दुपारी शेजारच्या काकी नारळाची वाटी परत द्यायला आल्या. फळं बघून पहिला प्रश्न, "अडकईची मुळी कधी काढतलंस गो?" अडकई म्हणजे सर्पगंधाच. तीन वर्षं हेच ऐकतेय. जास्वंदीबद्दल कोणी असं विचारत नाही.

या झाडाचं दुखणंच ते आहे. औषध सगळं मुळात, त्यातही मुळाच्या सालीत जास्त. पानं तोडून भागत नाही, अख्खं झाड उपटावं लागतं. फळं धरायच्या आत उपटलं की पुढचं बीही गेलं. असं करत करत जंगलातून ते इतकं विरळ झालं की आता त्याच्या मुळांच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आहेत. काकींच्या माहेरी म्हणे कुंपणाकडेला आपोआप उगवायचं.

मी मात्र बी लावून रडकुंडीला आले होते. चाळीस बिया मिळाल्या होत्या. पाण्यात टाकल्यावर सतरा तरंगल्या, म्हणजे पोकळ. उरलेल्या तेवीस पेरल्या आणि जवळजवळ दीड महिना नुसती माती बघत बसले. कवचच दगडासारखं. शेवटी सात उगवल्या. त्यातली दोन रोपं मीच मारली, पागोळीखालच्या खोलगट जागेत लावून. आठवड्यात मुळं कुजली. मग उरलेल्या पाचांसाठी जांभ्याचे तुकडे रचून उंचवटा केला, वाळू आणि कुजलेला पाला घातला. तेव्हापासून तक्रार नाही.

रात्री जेवल्यावर बीपीची गोळी घेताना ह्यांचं ठरलेलं वाक्य आलंच: "दुखणं घरात, औषध परसात आणि गोळ्या आणायला कुडाळात!" विनोद म्हणून ठीक आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी याच मुळीचा रक्तदाबावरचा अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं. पण त्याने काहींचं मन इतकं खचायचं की पुढे दुसरी औषधं आल्यावर ते मागे पडलं. माझी गोळी वेगळीच आहे. डॉक्टरांनी मला सरळ बजावलंय, गोळी सोडून काढा उकळलात तर माझ्याकडे येऊ नका. एका झाडाच्या मुळीत किती ताकद असेल याचा अंदाज घरच्या पातेल्यात येत नाही, हे मला पटतं.

मग लावलंस कशाला, असं काकी विचारतात. उत्तर धड देता येत नाही. ते लाल देठ आवडतात, एवढंच खरं.

आज जाताना मात्र त्या म्हणाल्या, "एक झाड माका दी गो." मी हो म्हटलं आणि दिवसभर ते डोक्यात राहिलं. त्यांच्याकडे गेलेलं झाड दोन वर्षांत नक्की उपटलं जाणार. पण 'देईन, मुळी काढायची नाही' अशी अट वडीलधाऱ्या माणसाला घालायची कशी?

संध्याकाळी बुलबुलाच्या आधी पिकलेली फळं तोडली, गर चोळून काढला आणि बिया वाटीभर पाण्यात टाकल्या. आठपैकी पाच बुडल्या. यांतली तीन काकींच्याच अंगणात, त्यांच्याच हाताने पेरायला लावणार आहे. दीड महिना माती बघत बसल्यावर बघू काय विचारतात.