मुंबईकर पोरांना टीममध्ये का घेत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

देवगड तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या वाडीचा क्रिकेट क्लब मी बारा वर्षं सांभाळतोय. मे महिना लागला की एक प्रश्न ठरलेला. दुकानात, लग्नाच्या मांडवात, देवळाच्या पायरीवर कुणीतरी चाकरमानी गाठतो आणि विचारतो, "आमचो झील मुंबयत लेदर बॉलवर खेळता. तुमी तेका टीमीत कित्याक घेणास नाय?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

आमचं ग्राउंड म्हणजे भाताचे सहा कुणगे, शेताचे लहान तुकडे. मालक चार. भात कापून झालं की त्याच ओलीवर कुळीथ पडतो, आणि तो निघेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. मग चारही घरी जायचं, परवानगी मागायची, मधल्या मेरा, म्हणजे बांध, उतरवायच्या. पाऊस लागायच्या आत त्या जिथल्या तिथे परत घालून द्यायच्या, हा शब्द आम्ही दिलेला आहे. तो एकदा मोडला तर जमीन गेलीच.

त्यानंतर पिच. बावीस यार्ड, म्हणजे 20.12 मीटर. कापलेल्या भाताचे खुंट एकेक करून उपटायचे, ढेकळं फोडायची, वर वारुळाची माती चाळून पसरायची. पाणी विहिरीचं, कळशीने आणलेलं. पहिल्या वर्षी आम्ही भसाभस पाणी ओतलं आणि दुसऱ्या दिवशी पिचला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. शेजारच्या घरातली आजी मेरेवर उभी राहून बघत होती. ती खाली उतरली, मातीत टाच रोवली आणि म्हणाली, "टाच रुतता पण माती चिकटना नाय, तेवाच चोपूचा." खळं करायची तिची सगळी रीत तिने आम्हाला शिकवली. पाणी शिंपडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी ऊन चढायच्या आत चोपण्याने, म्हणजे जमीन बडवायच्या लाकडाने, चोपायचं, मग पुन्हा शिंपडायचं. असं सात-आठ दिवस. वरून शेणाचा पातळ हात. आजही आमचं पिच तसंच होतं. टेनिस बॉल त्यावर सरळ आणि एकसारखा उठतो, याचं श्रेय त्या आजीचं.

हे सगळं करणारी पोरं कोण? निम्मी बागेत कामाला. मार्चपासून आंब्याची काढणी, सकाळभर झाडावर, मग पेट्या भरायच्या. चार वाजल्याशिवाय त्यांना ग्राउंड दिसत नाही. उरलेली होडीवर जाणारी. मासेमारीची बंदी 1 जूनला सुरू होते आणि 31 जुलैपर्यंत चालते. म्हणजे दर्यावरच्या पोरांना सुट्टी लागते तेव्हा आमच्या कुणग्यात चिखल झालेला असतो. तरी ती येतात. रात्र जाळ्यावर काढलेला पोरगा संध्याकाळी चोपणं घेऊन बसलेला मी पाहिलाय. त्याचे हात बघून मला पुढे काही बोलवत नाही.

पैशाचं विचाराल तर ते जमतात. प्रवेश फी, दोन-चार दुकानदार, कुणी बागायतदार चषक देतो. त्याची मला कधी फार काळजी वाटली नाही.

आणखी एक गोष्ट मुंबईच्या पोरांना पटत नाही. आमच्या ग्राउंडवर दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा लागतो. सकाळच्या मॅचला माडापलीकडे जाणारा तोच फटका तीन वाजता मिडविकेटच्या हातात पडतो. आमच्या पोरांना हे अंगवळणी पडलंय. माडाच्या झावळ्या कुठे वळल्यात ते बघून ती फील्ड लावतात आणि कुणाला कुठल्या बाजूने ओव्हर द्यायची ते ठरवतात. लेदर बॉलवर चार वर्षं कोचिंग झालेला मुलगा चांगला असतो, माझं काही म्हणणं नाही. पण टेनिस बॉल हलका, वारा त्याला उचलून नेतो, आणि हे शिकायला आठवड्याची रजा पुरत नाही.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो. त्याच आठवड्यात मुंबईची पोरं आली, किट बॅगा घेऊन. कमिटीतल्या सगळ्यांना वाटलं, चषक या वर्षी घरी आणायचाच. मलाही वाटलं. त्यांना घ्यायला चार गावकर पोरांना बाहेर बसवलं. त्यात आमचा एक डावखुरा बोलर होता, फेब्रुवारीपासून एक संध्याकाळ न चुकलेला. मी त्याला सांगितलं तेव्हा तो फक्त "बरा" म्हणाला आणि पाण्याची कळशी घेऊन बाउंड्रीवर जाऊन बसला. आम्ही जिंकलो. पुढच्या फेब्रुवारीत तो आला नाही. बाकीचे तिघेही आले नाहीत. त्या वर्षी पिच झालंच नाही. सबंध उन्हाळा कुणग्यांत गुरं चरली.

त्या रिकाम्या उन्हाळ्यात मला शंभर वर्षांपूर्वीचे नामी बोलर बाळू पालवणकर फार आठवले. घराणं आपल्या कोकणातल्या पालवणचं, चांभार समाजातलं. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते पिचवर रोलर फिरवायचे, नेट लावायचे, साहेबांना सरावाला बोलिंग टाकायचे. तेही डावखुरे. पुढे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर या माणसाने शंभराहून जास्त बळी घेतले. पण ते ज्या टीमकडून खेळायचे त्या हिंदूंच्या टीमने (तेव्हा मुंबईत धर्मावरून टीमा असत) त्यांना कॅप्टन कधी केलं नाही, कारण जात. तो मान धाकट्या भावाला, विठ्ठलना, मिळाला तो 1923 साली. सुरुवातीला चहासुद्धा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. आमच्या वाडीत झालं ते जातीवरून नव्हतं, आणि त्या अन्यायाशी मी त्याची बरोबरी करत नाही. तरी ज्याच्या हातांनी पिच उभं राहिलं त्यालाच मी बाहेर बसवलं होतं, हे मनातून जाईना.

मग मी त्या चौघांच्या घरी गेलो, त्यांच्या आईवडलांसमोर माफी मागितली. आणि कमिटीत नियम केला. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्याच्या दहा संध्याकाळी ग्राउंडवर लागल्या, त्याचा टीमवर पहिला हक्क. वही दुकानात टांगलेली असते, कुणीही बघावी. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुंबईकर विरुद्ध गावकर अशी वेगळी मॅच ठेवतो. त्यात सगळ्यांना खेळायला मिळतं, आणि गर्दी फायनलपेक्षा जास्त होते.

मुंबईकरांसाठी दार बंद नाही. पूर्वी एसटीने यायचं म्हणजे वर्षातून एकदोनदाच. 1998 साली कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला, तेव्हापासून शुक्रवारी रात्री बसलेला पोरगा शनिवारी सकाळी कणकवलीला उतरू शकतो. डोंबिवलीचा एक मुलगा गेली तीन वर्षं तसाच येतो. शिमग्याला पालखीबरोबर नाचतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चोपण्यावर असतो. त्याच्या दहा संध्याकाळी अजून कधी भरलेल्या नाहीत, पण गेल्या मे महिन्यात त्या डावखुऱ्यानेच वही माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "दादानू, ह्येच्या सकाळी पण धरा." धरल्या. सेमीफायनलला दोघे एकत्र खेळले.

तेव्हा तुमच्या मुलाला जरूर पाठवा. कुळीथ फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल असं मालक म्हणतायत. पायात स्पाइक नकोत, साधी चप्पल चालेल.