तोफ ओढणारी छोटी गाडी: लॉइड कॅरियर आणि सिक्स-पाउंडर

इंग्लंडमध्ये उन्हाळा आला की जुन्या लष्करी गाड्यांची प्रदर्शनं सुरू होतात. डॉर्सेटमधल्या बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियमला तर भारतातून आलेले पाहुणेही हमखास जातात. सगळ्यांची नजर शेरमन आणि टायगर रणगाड्यांवर असते. पण पट्ट्यांवर चालणारी एखादी बुटकी, उघडी गाडी मागे टँकविरोधी तोफ जोडून मैदानात आली, तर दोन मिनिटं थांबून ती वळते कशी ते जरूर बघा. अशी तोफ ओढायला फार ताकद लागत नाही. खरं कौशल्य लागतं ते तिच्यासकट वळायला आणि थांबायला.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पायदळाची मुख्य टँकविरोधी तोफ म्हणजे सिक्स-पाउंडर. नळीचा व्यास ५७ मिलिमीटर, वजन सुमारे ११४० किलो. १९४२च्या मे महिन्यात लिबियातल्या गझालाच्या लढाईत ती पहिल्यांदा वापरात आली. १९४४मध्ये पायदळाच्या एका बटालियनकडे अशा सहा तोफा असत आणि त्या ओढायला लॉइड कॅरियर ही पट्ट्यांवरची छोटी गाडी. या गाडीचा सांगाडा नवा असला तरी आतला माल ओळखीचाच होता. इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल फोर्डसनच्या ट्रकचे, तर पट्टे आणि सस्पेन्शन युनिव्हर्सल कॅरियर या छोट्या चिलखती गाडीचे, म्हणजे ज्याला सगळे ब्रेन कॅरियर म्हणतात त्याचे. इंजिन मागे, पण पट्टा फिरवणारं दात्यांचं चाक पुढे. भरलेल्या गाडीचं वजन साधारण साडेचार टन. म्हणजे मागे जोडलेली तोफ गाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी जड. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढची सगळी दुखणी त्यातूनच येतात.

जोडणीची सुरुवात तोफेपासून होते. नळी बरोबर मध्यावर आणून प्रवासाच्या पकडीत अडकवायची. हे राहिलं तर खड्ड्यातला प्रत्येक धक्का नळी हलवणाऱ्या यंत्रणेवर बसतो. मग मागचे दोन्ही दांडे मिटून खिळ लावायची, तोफेच्या चाकांचे हँडब्रेक सोडायचे आणि दोन्ही टायरची हवा सारखी आहे का ते बघायचं. माणसांनी दांड्यांची टोकं उचलून कडी हुकात टाकली, की हुकाची जीभ बंद करून वर पिन घालायची. पिनशिवाय नुसत्या जिभेवर विसंबू नये, कारण खडबडीत जमिनीवर कडी हुकात सतत उड्या मारत असते. ओढताना नळीचं तोंड मागे असतं. त्यामुळे तोफ सोडली की ती शत्रूकडे रोखायला गाडीनेच आधी तोंड फिरवून उभं राहावं लागतं. हे वळण कुठे घ्यायचं ते आधी ठरलेलं हवं.

आता ब्रेक. लॉइडला वळवायचं म्हणजे एका बाजूचा पट्टा ब्रेकने अडवायचा. ब्रेक चार: दोन पुढच्या दात्यांच्या चाकांवर, दोन मागच्या आयडलरवर, म्हणजे पट्ट्याचा ताण धरणाऱ्या मोकळ्या चाकांवर. म्हणजे वळण आणि थांबणं दोन्ही कामं त्याच लायनिंगवर. चिखलात वळताना मागून तोफेची ओढ असते, लायनिंग तापतं आणि पकड कमी होते. उतारावर तर तोफ गाडीला ढकलते, आणि ओढताना तिच्या चाकांना स्वतःचा ब्रेक लागत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, मध्येच बदलायचा नाही. दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागत नसतील तर थांबताना गाडी तिरकी होते, तोफ उलट्या दिशेला झोके घेते आणि दांडा पट्ट्यावर आदळू शकतो. तोफ जोडण्याआधी सपाट अंगणात माणसाच्या चालीने गाडी चालवून दोन्ही लिव्हर एकदम ओढावेत. गाडी सरळ रेषेत थांबली नाही, तर आधी ब्रेक जुळवायचे.

पट्ट्याचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. पट्ट्याची एक कडी साधारण ४४ मिलिमीटरची आणि एका पट्ट्यात शंभराहून अधिक जोड. प्रत्येक जोड फक्त अर्धा मिलिमीटर झिजला, तरी पट्टा एका कडीपेक्षा जास्त लांबतो. आयडलर सरकवून ताण घ्यायचा आणि तिथली जागा संपली, की पिन ठोकून एक कडी काढायची. पिनांना तेल लावायचं नाही. तेलाला माती चिकटते आणि झीज उलट वाढते. ढिला पट्टा सरळ रस्त्यावर निभावून नेतो, पण रिव्हर्समध्ये ढिलाई वरच्या बाजूला गोळा होते. त्यात तोफ मागे असताना वळवलं, तर पट्टा उतरलाच समजा. म्हणून तोफ जोडून रिव्हर्स घेऊच नये. तोफेची कडी हुकातून काढून तोफ माणसांनी ढकलावी, ते लवकर होतं.

इंजिन फोर्डचं व्ही-८, ८५ अश्वशक्तीचं. त्याचा एक्झॉस्ट ब्लॉकमधूनच, पाण्याच्या कप्प्यांजवळून बाहेर जातो, त्यामुळे ते लवकर तापतं. दोन्ही बाजूंना एकेक पाण्याचा पंप असतो, दोन्ही तपासावे. ब्रिटनमध्ये २०२१पासून साधं पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालं. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही आणि उन्हात पेट्रोलची वाफ होऊन इंधनाचा पंप अडतो, म्हणून अशा गाड्यांत पाच टक्केवालं महागडं पेट्रोल घालणं बरं. अशी गाडी रस्त्यावर चालवायला इथे एच वर्गाचं लायसन्स लागतं.

या गाड्यांचं संरक्षण बेताचंच. लॉइडचा सांगाडा साध्या पोलादाचा, चिलखती पत्रे गरजेप्रमाणे वरून बोल्टने बसवायचे. ब्रेन कॅरियर चिलखती असला तरी सुरुंगापुढे त्याचाही तळ तोकडा पडे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातले प्रेमिंद्रसिंह भगत १९४१मध्ये आफ्रिकेत सुरुंग काढत ५५ मैल पुढे गेले, तेव्हा त्यांच्या खालचा कॅरियर दोनदा उडाला होता. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

म्हणूनच तोफ टेकडीआड सोडून गाडी लगेच आडोशाला नेत. सिक्स-पाउंडरपर्यंत हे जमून गेलं. पुढची सतरा-पाउंडर जवळपास तीन टनांची. ती लॉइडच्या आवाक्याबाहेरची होती, आणि तिच्यासाठी बुरूज काढलेले क्रुसेडर रणगाडेसुद्धा जुंपावे लागले.