नडगीत प्लेट, वही कोर्टात

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जो एस वळणाचा उतार लागतो ना, तिथे मागून टेम्पोने ठोकलं. दीर गाडी चालवत होते, त्यांना फक्त खरचटलं, मी मागच्या सीटवर, माझी उजवी नडगी मोडली. ऑपरेशन, प्लेट, सात स्क्रू. ते सगळं झालं, पण मला लिहायचंय ते अपघाताच्या भरपाईच्या क्लेमबद्दल, कारण रोज कोणीतरी विचारतं.

वॉर्डात तिसऱ्याच दिवशी एक माणूस कोरं वकीलपत्र घेऊन हजर! "ताई सही करा, मिळेल त्यातले वीस टक्के आमचे." आमचे हे सही करायलाच निघाले होते, मी डोळे वटारले तेव्हा थांबले. नंतर कळलं की वकिलांना असं टक्क्यांवर काम घेताच येत नाही, नियमच आहे तसा.

दुसरं म्हणजे मुदत. नात्यातले झाडून सगळे म्हणे "अगं घाई काय, क्लेम कधीपण टाकता येतो". १९९४ नंतर खरंच मुदत नव्हती, त्यामुळे लोकांच्या डोक्यात तेच बसलंय, पण कायदा २०१९ मध्ये बदलला आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिने अशी मुदत परत आलीये. मी पाचव्या महिन्यात टाकला, वॉकर घेऊन. अपघात सातारा जिल्ह्यातला पण आपण राहतो तिथेही टाकता येतो म्हणून शिवाजीनगर कोर्टात, नाहीतर दर तारखेला सातारा कोण करणार. पोलिसांनीच ४८ तासांत पहिला रिपोर्ट ट्रायब्युनलला, म्हणजे हे क्लेम चालवणाऱ्या कोर्टाला, आणि विमा कंपनीला पाठवायचा असा नियम आहे म्हणे, आमचा कधी गेला देव जाणे. एफआयआर, पंचनामा, टेम्पोच्या पॉलिसीची कॉपी, सगळ्यासाठी दिरांनीच हेलपाटे घातले.

खरी गंमत पुढे. मी घरी शिवणकाम करते, पायाच्या मशीनवर. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर आलं १२ टक्के. मी म्हटलं ठीक आहे, बारा तर बारा. वकीलबाई म्हणाल्या, अहो बारा टक्के पायाचे, तुमच्या कामाचे किती गेले ते सांगा! ऑफिसात बसून काम करणाऱ्याचा आणि मशीन मारणाऱ्या बाईचा पाय कोर्ट एका मापाने मोजत नाही. त्यांनी कागदावर आकडे मांडले. महिना पंधरा हजार म्हणजे वर्षाचे १,८०,०००, माझं वय ३८ म्हणून गुणक (वयाप्रमाणे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो आकडा) १५, झाले २७ लाख. त्याचे १२ टक्के धरले तर ३,२४,०००, कमाईचं नुकसान २५ टक्के मानलं तर ६,७५,०००. पाय तोच!

पण पंधरा हजार कशावरून? रिटर्न कधी भरलेच नाहीत, पैसे रोख. मग माझी वही काढली, लाल पुठ्ठ्याची, नाव, माप, शिलाई, बाकी. काही पानांवर खडूचे डाग, एका पानाला तर टाचणी अजून टोचलेली. वकीलबाई म्हणाल्या डाग पुसू नका हं.

उलटतपासात कंपनीच्या वकिलांनी विचारलं, ही वही एका बैठकीत लिहिली ना? मी म्हटलं साहेब, निळं, काळं, मध्येच हिरवं पेन आहे, पोराचं. मग म्हणे मशीनला मोटर का नाही लावली? लावली की, आणि तिचं बिल निशाणी म्हणून, म्हणजे पुराव्यात नंबर पडून, तुमच्यासमोरच आहे. जजसाहेब खाली बघून लिहीत होते, हसले की काय कळलं नाही.

पुढची तारीख पुढच्या महिन्यात, डॉक्टरांची साक्ष. तडजोडीचा आकडा लोकअदालतीत आला होता पण तो १२ टक्केच धरून काढलेला, मी नाही म्हटलं.

तोवर वही कोर्टात जमा. काल शेजारच्या काकू आल्या, "जुन्याच मापाने दोन ब्लाऊज शिव गं". आता टेप घेऊन परत सगळी मापं घेतेय.