सूट कुठे हवी, कुठे नको

"लहान कारखान्यांना टेस्टिंगमध्ये सूट दिली की बाजारात हलकी वायर येणार," असं परवा रावपुऱ्यातले एक दुकानदार काका मला म्हणाले. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आम्ही घरगुती वायरिंगची पीव्हीसी वायर बनवतो, त्यामुळे ते बोलणं लागलं. पण काकांची भीती खरी आहे.

२००३च्या आदेशाने या वायरीला आयएसआय मार्क सक्तीचा केला, मानक आयएस ६९४. तो राहिलाच पाहिजे. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा विजेला होणारा रोध २० अंशांना किलोमीटरमागे १२.१ ओहमच्या वर जाऊ नये. कुणी तारेत तांबं कमी घातलं की रोध वाढतो, लोड आला की वायर तापते, आणि भिंतीच्या आत तापलेली वायर घरातल्या कुणाला दिसत नाही. तसंच स्पार्क टेस्टरचं. एक्स्ट्रूडरवरून, म्हणजे तारेवर पीव्हीसीचं आवरण चढवणाऱ्या यंत्रातून, निघालेली वायर त्यातून जाते. त्या आवरणाला, म्हणजे इन्सुलेशनला, सुईएवढं भोक असलं तरी तिथे ठिणगी पडते, बझर वाजतो. या दोन्हींत कुणालाही, आम्हालाही, सूट नको.

एजिंगची, म्हणजे इन्सुलेशन जुनं झाल्यावर कसं टिकतं ते पाहणाऱ्या चाचणीची, गोष्ट मात्र वेगळी. इन्सुलेशनचे नमुने ८० अंशांच्या ओव्हनमध्ये सात दिवस ठेवायचे, मग ओढून तोडायचे आणि ताकद किती बदलली ते पाहायचं. चाचणी आवश्यकच आहे. पण त्यासाठी प्रत्येक गाळ्यात ओव्हन, ओढून तोडायचं टेन्साइल मशीन, त्यांचं कॅलिब्रेशन आणि शिकलेला माणूस कशाला? लहान युनिटमध्ये ती मशीन बराच काळ नुसती उभी असतात.

आयएसआय मार्क देणाऱ्या बीआयएसने (भारतीय मानक ब्युरोने) सूक्ष्म उद्योगांना स्वतःची लॅब ऐच्छिक केली, मान्यताप्राप्त बाहेरची किंवा सामाईक लॅब चालते, मार्क वापरण्याच्या किमान फीतही ८० टक्के सवलत आहे. हे मला मनापासून पटतं. बडोद्याला तर १९७४ पासून 'एर्डा'सारखी विद्युत चाचणीची संस्था आमच्याच मकरपुऱ्यात आहे.

अडतं ते वेळेपाशी. बाहेरच्या एका लॅबमध्ये आमचा नमुना रांगेत पडून राहिला आणि दिवाळीआधीची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. त्या काळात पगार थांबत नाहीत, तांब्याचे पैसेही द्यावेच लागतात. म्हणून रिपोर्ट किती दिवसांत द्यायचा हे लॅबवरही बंधनकारक करा, आणि इस्टेटीत एक सामाईक एजिंग ओव्हन उभा करा; आम्ही वर्गणी काढायला तयार आहोत. बदल्यात दुकानातून आमचं कुठलंही बंडल न सांगता उचला आणि तपासा. काकांच्या दुकानातूनच उचललंत तर फारच उत्तम.